गोष्टींचे पारखी



गेल्या पावसाळ्यांत इयत्ता आठवीच्या वर्गांत एका विद्यार्थिनीनें मला विचारलें, "सर, माझ्यापाशीं गोष्टींची एक वही आहे. तिचें पुस्तक व्हावयाचें तर कोणाकडे जावें लागतें?" प्रश्न सरळ होता, परंतु वीस वर्षें भाषा शिकवूनहि मला त्याचें नीट उत्तर देतां आलें नाहीं. "उद्यां सांगतों," असें म्हणून मीं वेळ मारून नेली. मग शोध केला, आणि त्या शोधांत माझीच एक जुनी चूक मला सांपडली. ती तुमच्यापुढें ठेवावी म्हणून हा लेखनप्रपंच.

इंग्लंड-अमेरिकेंत लेखक बहुधा थेट प्रकाशकाकडे जात नाहीं. मध्यें एक पारखी असतो. त्यास लिटररी एजंट म्हणतात. ए. पी. वॉट नांवाच्या गृहस्थांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लंडन येथें हा व्यवसाय नांवारूपास आणला; रडयार्ड किपलिंग हे त्यांच्या अशिलांपैकीं एक होते. एजंट हस्तलिखित वाचतो, पसंत पडल्यास योग्य प्रकाशकापुढें ठेवतो, करारमदार पाहतो, आणि लेखकास जें मिळेल त्यांतून आपला हिस्सा घेतो. पूर्वीं हा हिस्सा शेंकडा १० असे. आतां बहुधा शेंकडा १५ असतो. पुस्तकास प्रकाशक मिळाला नाहीं तर त्यालाहि कांहीं मिळत नाहीं. म्हणूनच केवळ वाचण्याबद्दल आगाऊ पैसे मागणाऱ्या एजंटापासून तेथील जाणते लेखक दूर राहतात.

एजंटाच्या टेबलावर हस्तलिखितांचे ढीग पडतात. १९९५ सालीं जे. के. रोलिंग यांनीं हॅरी पॉटरच्या गोष्टीचीं पहिलीं प्रकरणें लंडनच्या एका एजंटाकडे पाठविलीं. ती कचेरी मुलांचीं पुस्तकें घेत नसे, म्हणून तीं परत धाडावयाच्या कागदांत पडलीं होतीं. तेथील एका तरुण साहाय्यक बाईंनीं तीं उचलून वाचलीं आणि पुढचा भाग मागविला. त्यानंतरहि १२ प्रकाशकांनीं तें पुस्तक नाकारलें. अखेर ब्लूम्सबरी कंपनीच्या प्रमुखांनीं पहिलें प्रकरण आपल्या आठ वर्षांच्या मुलीच्या हातीं दिलें. ती पुढचें मागूं लागली, आणि १९९७ सालीं पुस्तक बाहेर पडलें.

मुलांच्या पुस्तकांचा एजंट पाहतो तरी काय? पहिल्या एकदोन पानांतच तो कान देऊन ऐकतो कीं, हा आवाज लेखकाचा स्वतःचा आहे, कीं कोणाचा उसना आणलेला? लेखकास आपला वाचक ठाऊक आहे काय, हें तो दुसरें पाहतो. पांच वर्षांच्या मुलाचें चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचें असतें व त्यांतील मजकूर हजार शब्दांच्या आंत बसवावा लागतो. बारा वर्षांच्या मुलासाठीं लिहिलेली कादंबरी अगदीं निराळी. शिवाय, गोष्टींतील अडचण मूल स्वतः सोडवितें, कीं ऐन वेळीं वडील माणसें येऊन सोडवितात? दोष दाखविल्यास लेखक पुन्हा लिहावयास बसेल काय? आणि जी गोष्ट शेवटीं व्याख्यान देऊं लागते, ती तो बहुधा बाजूस ठेवतो. हें शेवटचें वाचून मी थबकलों.

इंग्लंडांतील बिएट्रिक्स पॉटर यांची हकीकत पाहा. ४ सप्टेंबर १८९३ रोजीं त्यांनीं आपल्या पूर्वींच्या शिक्षिकेच्या पांच वर्षांच्या आजारी मुलास पत्र लिहिलें व त्यांत एका खोडकर सशाची गोष्ट चित्रांसह सांगितली. पुढें त्यांनीं तिचें पुस्तक केलें. तें अनेक प्रकाशकांनीं परत केलें. तेव्हां १९०१ च्या डिसेंबरांत त्यांनीं स्वखर्चानें २५० प्रती छापून घेतल्या. त्याच सुमारास त्यांचे स्नेही रॉन्स्ली नांवाचे धर्मोपदेशक मध्यस्थ झाले. हेतु उत्तम, परंतु त्यांनीं ती साधी गोष्ट बोधपर पद्यांत बसविली व तें पद्य घेऊन ते प्रकाशकांकडे गेले. फ्रेडरिक वॉर्न कंपनीनें पद्य बाजूस ठेवून बाईंचें साधें गद्यच पसंत केलें, आणि १९०२ सालीं रंगीत चित्रांसह तें पुस्तक निघालें. तें अजून मुलांच्या हातीं आहे.

मराठींत असा मध्यस्थ क्वचितच आढळतो. लेखक स्वतःच प्रकाशकाकडे जातो. मुलांस काय वाचावयास द्यावें याची निवड आपल्याकडे पुष्कळदां मासिकांच्या संपादकांनीं केली. अमेरिकन मराठी मिशनचा 'बालबोधमेवा' १८७३ सालीं आणि विनायक कोंडदेव ओक यांचें 'बालबोध' १८८१ सालीं निघालें. शाळेंत हें काम आम्हां शिक्षकांकडे येतें. तुमच्या लेखाचे पहिले पारखी आम्हीच.

कांहीं वर्षांपूर्वीं एका वार्षिकाचें काम मजकडे होतें. सातवींतील एका मुलानें दीड पानाचा लेख आणून दिला. त्याच्या वह्यापुस्तकांसाठीं आजीनें घरची शेळी विकली. तिसऱ्या दिवशीं पहाटे शेळी दावें तोडून दारांत येऊन उभी राहिली. आजीनें तिला पाणी पाजलें, मूठभर पाला घातला, आणि कांहीं न बोलतां स्वतःच तिला घेणाऱ्याच्या दारीं नेऊन बांधलें. त्या दिवशीं तिच्या सगळ्या भाकरी करपल्या. लेख येथें संपला होता.

मीं लाल शाई घेतली. आजीची 'वृद्ध पितामही' केली, शेळीची 'अजा' केली, करपलेल्या भाकरी लेखास शोभत नाहींत म्हणून काढून टाकल्या, आणि शेवटीं भूतदयेविषयीं चार वाक्यें जोडलीं. लेख छापला गेला. मुलानें तो घरीं वाचून दाखविला. दुसऱ्या दिवशीं मीं कौतुकानें विचारलें, "काय रे, आजी काय म्हणाली?" तो खालीं मान घालून म्हणाला, "आजी म्हणाली, ही कुणाची शेळी रं?"

वर्गांत हंशा पिकला, मीहि हंसलों. पुढें शाळा सोडीपर्यंत त्या मुलानें मजकडे एकहि लेख आणला नाहीं. तेव्हां मला त्याचें कांहीं वाटलें नाहीं, आतां वाटतें.

त्या विद्यार्थिनीची वही सध्यां माझ्या टेबलावर आहे. शुद्धलेखनापुरती पेन्सिल चालवावयाची, जेथें अर्थ लागला नाहीं तेथें प्रश्न विचारावयाचा, आणि बदल तिचा तिनेंच करावयाचा, असें आम्हीं दोघांनीं ठरविलें आहे. पालकांसहि माझी विनंति आहे कीं, मुलांच्या निबंधांत आपलें चांगलें वाक्य घालण्याचा मोह आवरावा. आणि मुलांनो, पुढील वार्षिकासाठीं लेख आणण्यापूर्वीं तो घरच्या माणसांस वाचून दाखवा. त्यांना आपली शेळी ओळखूं आली पाहिजे.

तो मुलगा आतां मोठा झाला असेल. हें वार्षिक त्याच्या हातीं पडलें तर त्यानें आपला मूळचा लेख, करपलेल्या भाकरींसह, मला पुन्हा लिहून पाठवावा. या वेळीं तो जसाच्या तसा छापूं.