गरज कोणाची?

नांदेड-लातूरकडील मुले पोटासाठी पुण्या-मुंबईस जातात. मागे राहिलेल्या काही वृद्धांस वृद्धाश्रम गाठावा लागतो. तेथे रात्री स्मृतिभ्रंश झालेले आजोबा ओरडू लागले, की चिठ्ठीतील 'एस्. ओ. एस्.', अर्थात् 'गरज पडल्यास', या अक्षरांच्या आधारे गुंगीची गोळी देता येते. पण गरज कोणाची? आजोबांची, की जागरणाने शिणलेल्या सेवकाची? ओरडण्याचे मूळ पुष्कळदा तुंबलेल्या लघवीत वा दुखऱ्या दाढेत असते. गोळीने आवाज बसतो, दुखणे राहते. अमेरिकेत २०१७ पासून शुश्रूषागृहांतील अशा चिठ्ठीस सामान्यतः १४ दिवसांचीच मुदत असते. आपल्याही २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, केवळ माणसे अपुरी म्हणून मनोरुग्णास बांधण्यास मनाई केली आहे. गोळीने बांधणे हेही, आमच्या मते, बांधणेच होय; चिठ्ठीवर कारण व मुदत हवीच.