नाकाचा पडदा

आपल्या भाषेने नाकावर फार भार टाकला आहे. अब्रू म्हणजे नाक, त्रास झाला की नाकी नऊ, शरण जायचे तेही नाक मुठीत धरून! एवढी जोखीम वाहणाऱ्या या अवयवाचा आतला पडदा वाकडा असला तर काय होते, हे आमच्या घराला धाकट्या भावाच्या घोरण्याने कळले.

शहरातल्या एका दवाखान्यात त्याची शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम झाली. घोटाळा झाला तो भूल उतरताना. ज्याने उभ्या जन्मात बैलावर हात उगारला नाही, त्याने सलाईनची सुई उपटली, नाकातला बोळा ओढला आणि सावरायला गेलेल्या ताईला असा हिसडा दिला की ती भिंतीवर आदळली. संध्याकाळी त्याला यातले काहीएक आठवत नव्हते. 'अंगात आले' असा निकाल देऊन गाव मोकळा झाला.

पुढे ताईच्याच मुलाचा पडदा वाकडा निघाला, तेव्हा ती हटून बसली. "दादा, लेकरू तोंडानं श्वास घेईल जन्मभर, पण ते पुन्हा बघायचं नाही मला."

मुकुंदराज-दासोपंतांच्या अंबाजोगाईत १९७५ च्या सुमारास ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हापासून आम्हां बीडकरांना डॉक्टर हा प्राणी दुर्मीळ राहिलेला नाही. तिथल्याच एका भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे मी ताईला नेले. त्यांनी 'अंगात येण्या'चा उलगडा केला. अर्धवट जागा झालेला माणूस सवयीने नाकाने श्वास घेऊ पाहतो. नाकपुड्या बोळ्यांनी गच्च! त्यात ठणका. मेंदूला वाटते, कुणी गळा दाबतो आहे. मग तो झुंजतो.

त्यावर एक उपाय सुईच्या टोकाएवढा आहे. डोळ्याखाली गालाच्या हाडाला एक बारीक छिद्र असते. तिथून एक मज्जातंतू बाहेर येतो. दुसरा नाकाच्या मुळाशी. रोगी भुलीत असतानाच तिथे ब्युपिवाकेनसारखे औषध टोचतात. नाक काही तास बधिर राहते, ठणका मेंदूपर्यंत पोचत नाही आणि भुलीचे औषधही कमी लागते. "झटापट हमखास टळते असं नाही, पण पुष्कळ कमी होते," बाई म्हणाल्या. हे प्रांजळपण मला आवडले.

मला आपला १७९४ सालच्या लंडनच्या मासिकातला कावसजी आठवला. टिपूच्या लोकांनी नाक कापलेला तो गाडीवान. पुण्याकडच्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवले. ईथरची भूल जगाला दिसली १८४६ साली, आणि कोकेनने डोळा बधिर झाला १८८४ साली. कावसजीने काय सोसले असेल!

पण बोळा सुईने नाहीसा होत नाही. म्हणून बाईंनी भाच्याला आदल्या रात्री एक अभ्यास दिला : नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास घ्यायचा, तासाला पाच मिनिटे. पोरगा हसत हसत करी. ताई पदर तोंडाला लावून बघत बसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने डोळे उघडले. हात नाकाकडे गेला, अर्ध्या वाटेत थांबला. मग त्याने तोंड उघडले आणि सावकाश श्वास घेतला. ताई मात्र अजून भिंतीपासून दोन हात लांबच उभी होती.