हुडाची घडी

वऱ्हाडात उघड्या गाडीची हौस कुणाला असेल, असं बाहेरच्या माणसाला वाटत नाही आणि त्याचं बरोबरच आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा इथला माणूस डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा टाकून बाहेर पडतो. छत काढून भटकायची भाषा तो कशाला करेल? तरी आमच्या घरात छत उघडता-मिटता येणारी गाडी मी जन्मल्यापासून आहे आणि अलीकडे माझं डोकं त्या गाडीपेक्षा एका खोळीनं जास्त खाल्लं आहे. ही खोळ घालायची ती छत मिटून मागे ठेवलं की त्या मिटलेल्या छतावर. म्हणजे पांघरुणालाच पांघरूण.

विलायती उघड्या गाड्यांसोबत अशी खोळ कारखान्यातूनच येत असे. छत मागे पाडलं की पाइप आणि कापडाचा जो ढीग सीटमागे साचतो, तो वाऱ्यानं फडफडू नये, त्यात धूळ जाऊ नये आणि गाडीची रेघ मागपर्यंत सलग दिसावी, एवढी तिची कामं. बटणं लावायची, बटणं काढायची. पण आमची गाडी विलायती ऐटीची नव्हती. ती जीप.

मोठ्या बाबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, ती मूर्तिजापूरकडच्या एका जिनवाल्याकडून जुनीच घेतली होती. उंच बॉनेटची, म्हणजे सीजे-थ्रीबी. विलीज कंपनीनं १९५३ साली हे मॉडेल काढलं. त्यात बसवलेलं हरिकेन इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होतं, म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. देखणेपणाचा विचार त्यात कुणी केला असेल असं मला ते तोंड बघून वाटत नाही. अमेरिकेत ते साठीच्या दशकात बंद पडलं. महिंद्रानं मात्र त्याच ठेवणीच्या जीपा पुढे कितीतरी वर्षं काढल्या. या कंपनीचं नाव १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होतं. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथे आधी अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले; इकडे १९४८ साली पाटीवर दुसऱ्यांदा ‘महिंद्रा’ लिहिलं गेलं. मोठे बाबा ही हकिकत गाडीत बसलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवत आणि शेवटी म्हणत, ‘देश तुटला बाप्पा, पण जीप काई तुटली नाई.’

त्यांचा हूड, म्हणजे जीपचं मिटतं छत, कॅनव्हासचा होता. रेक्झिनचा स्वस्तात मिळत असताना ते कानपुरी कॅनव्हासच मागत. आमच्याच रानातला कापूस मुंबईकडे जायचा आणि कुठून कुठून फिरून असल्या जाड कापडाच्या रूपानं अकोल्याच्या दुकानात यायचा, त्याचा त्यांना राग होता. पण कापड चांगलं आहे हे ते नाकारत नसत. सुती कॅनव्हासची खुबी अशी की पाणी लागलं की धागा फुगतो आणि विणीतली भोकं आपोआप बुजतात. पहिल्या पावसात जरा ठिबकतो, मग थांबतो. फक्त आतून बोट लावायचं नाही. लावलं की तिथून धार सुरू. आम्ही पोरं नेमकं तेच करायचो आणि पुढच्या सीटवरून मोठे बाबा न बघता ओरडायचे.

छत मिटवायचे प्रसंग ठरलेले असत. निवडणूक आली की भोंगा बांधायला छत मागे. लग्नसराईत नवरदेवाची वरात, छत मागे. वेचणीच्या दिवसांत कापसाची गाठोडी रचायची, छत मागे. आणि उन्हाळ्यात दिवेलागणीनंतर, जमीन निवायला लागली की, कधी कधी काहीही कारण नसताना. ही शेवटची फेरी आम्हाला सगळ्यात प्रिय. मूर्तिजापूरपासून कुरुमपर्यंत जायचं, रेल्वे फाटकाशी थांबायचं, परत यायचं.

पण मिटवणं हे काम होतं, आणि ते मोठ्या बाबांखेरीज कुणी केलेलं त्यांना चालत नसे. सालदार मदतीला असे, तोही फक्त पाइप धरायला. आधी मागचा पडदा सोडायचा. त्यातल्या प्लास्टिकच्या खिडकीवर जुन्या धोतराचा फडका पसरायचा, म्हणजे घडीत प्लास्टिक प्लास्टिकला घासत नाही. मग कमानी हळू मागे पाडायच्या आणि पाडताना दोन कमानींमधलं कापड सतत बाहेर ओढत राहायचं. एकदा का ते पाइपात चिमटलं की कात्रीनं कापल्यासारखं जातं. शेवटी दोन्ही कोपरे आत घ्यायचे, पाकिटासारखे. ओला हूड कधीही मिटायचा नाही. रात्री पावसातून आलो तर दुसऱ्या दिवशी ऊन लागेपर्यंत तो ताणलेलाच राही. नाहीतर आठवड्यात काळे ठिपके पडतात आणि तो वास गाडी विकेपर्यंत जात नाही. घडी झाली की वरून एक पोतं टाकायचं आणि सुतळीनं आवळायचं. आमची खोळ ती तेवढीच. तागाचं पोतं, त्यावर जिनाचा शिक्का.

शिकायला अमरावतीला आलो तेव्हा हूड दुसऱ्या रूपात भेटला. परतवाड्याच्या रस्त्यावर काळी-पिवळी धावायची. मागे समोरासमोर बाक, त्यावर बसतील तेवढी माणसं आणि बसणार नाहीत तेवढीही. या गाड्यांचा हूड रेक्झिनचा, कायमचा ताणलेला, मागचा पडदा गुंडाळून वर बांधलेला. त्या पडद्याचा पट्टा सुटला की पूर्ण रस्ताभर तो मागच्या माणसाच्या कानशिलात वाजवत राही. त्याच रस्त्यानं पुढे मेळघाटात गेलो की जिप्सी दिसे. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प. जिप्सी बाजारात आली १९८५ साली, आणि पुढे जंगलात तिच्या पाठीवरचं छतच गेलं. सेमाडोहला उभ्या असलेल्या जिप्सींना हूड नाही, घडी नाही, म्हणून खोळीचाही प्रश्न नाही. सोपा उपाय आहे, पण मला तो आवडत नाही. उघडी गाडी आणि उघडता येणारी गाडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसरीत रोज ठरवावं लागतं.

मोठे बाबा गेल्यावर जीप वाड्याच्या पडवीत बरीच वर्षं उभी होती. चुलतभावांना ती नको होती. एकानं तर भंगारवाल्याला भावही विचारून ठेवला होता. मी निवृत्तीनंतर ती अमरावतीला आणली. इंजिनाचं काम लवकर उरकलं, या जीपांच्या इंजिनाला अजून हात मिळतात. हूड मात्र पार विरून गेला होता. प्लास्टिकची खिडकी वाळक्या पानासारखी पिवळी, हात लावला की तडकायची. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलासारखं द्रव्य घालतात ते उन्हानं उडून जातं, आणि वऱ्हाडाचं ऊन त्याला फार दिवस देत नाही. अमरावतीत कुशनची दुकानं पुष्कळ, पण आता तिथे डब्यातून निघालेली तयार सीट कव्हरं चढवतात. नव्यानं हूड शिवणारा हात एका जुन्या ड्रायव्हरनं अकोल्यात दाखवला. त्या कारागिरांना सगळे चाचाच म्हणतात, म्हणून मीही.

हूड त्यांनी शिवला, चांगला शिवला. दोऱ्याबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. नायलॉनचा दोरा दिसायला दांडगा, पण उन्हात कुजतो. सुती दोरा सुईच्या भोकात फुगून पाणी अडवतो, पण लवकर झिजतो. म्हणून ते पॉलिएस्टरचा दोरा मेणाच्या वडीवरून ओढून वापरतात. ‘टाका दिसला नाई पायजे आन पाणी बी आलं नाई पायजे,’ एवढीच त्यांची कसोटी. मग मी खोळीचं काढलं. एका मासिकात जुन्या इंग्लिश गाडीचं चित्र होतं, ते दाखवलं. त्यांनी चित्राकडे फारसं बघितलं नाही.

‘भाऊ, पयले घडी घालून दाखवा.’

मी घातली. मोठ्या बाबांसारखी, पाकीट करून. चाचा गाडीभोवती फिरले, घडीवर तळवा ठेवून दाबलं, मग म्हणाले, ‘आता खोला आन परत घाला.’ परत घातली. त्यांनी पुन्हा तळवा ठेवला. ‘पाहा, डावीकून दोन बोटं उंच झाली. मी माप गाडीचं घेत नसतो, घडीचं घेतो. रोज येगळी घडी बसली तर खोळ कोनाच्या मापाची शिवू?’

सगळी मेख इथेच आहे आणि चित्रातल्या गाडीवरून ती कळत नाही. गाडीचा पत्रा जागचा हलत नाही, सीटचा आकार ठरलेला. ही खोळ मात्र एका मऊ ढिगावर बसायची, आणि तो ढीग दर वेळी माणसाच्या हातून तयार होतो. हात बदलला की माप बदललं. तेव्हा त्यांनी आधी मला घडी शिकवली. मोठ्या बाबांचीच रीत, पण तिला जागा नेमून दिल्या. पाइपांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या, पहिली दुमड इथे, दुसरी इथे. मग खाकी कागद ढिगावर अंथरून दाबला, शिंप्याच्या खडूनं रेघा ओढल्या आणि फर्मे कापले. मधला एक, बाजूचे दोन.

कापडावरून आमचा वाद झाला. मला कॅनव्हास हवा होता, ते रेक्झिन म्हणत होते. काळ्या मातीची धूळ पिठासारखी असते, कॅनव्हासच्या विणीतून ती आत जाते आणि गाडी हलली की दोन घड्यांमध्ये पॉलिश पेपरसारखी घासते, असं त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं, रेक्झिन श्वास घेत नाही, आतली ओल आतच राहील. शेवटी बाहेरून बदामी रेक्झिन, आतून फलालीनचं अस्तर आणि मागच्या कडेला खालून हवा जायला दोन जाळीदार भोकं, असा तह झाला. काळा रंग मीच नको म्हटलं. तो दुपारी इतका तापतो की खालचं प्लास्टिक अस्तराला चिकटेल.

बसवायच्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम दुपारी बोलावलं. खोळ बोटभर लहानच शिवली होती. ती गाडीवर टाकून भर उन्हात सोडली आणि आम्ही चहाला गेलो. परत आलो तेव्हा रेक्झिन मऊ पडलं होतं, हातानं ओढलं की येत होतं. आधी मागच्या बाजूचं मधलं बटण. मग दोन कोपरे, तेही अर्धवट. मग एक डावं, एक उजवं, असं आळीपाळीनं. एका बाजूनं सरळ लावत गेलं तर सगळा झोळ शेवटच्या बटणापाशी जमतो. टिचबटणाचा खालचा भाग पत्र्यात स्क्रूनं बसवलेला होता. प्रत्येक भोकात आधी रंगाचा थेंब, नाहीतर तिथूनच गंज चढतो. वरच्या भागाची जागा चाचांनी मापली नाही. कापड ताणून खिट्टीवर अंगठ्यानं दाबायचे. कापडावर गोल ठसा उमटला की तिथेच लाकडाचा ठोकळा धरून पंच मारायचा. एक ठोका. चुकला तर ते भोक जन्मभर तिथे. मी त्या प्रत्येक ठोक्याला डोळे मिटत होतो आणि चाचांचा मुलगा माझ्याकडे बघून हसत होता.

शेवटच्या कोपऱ्याचं बटण त्यांनी लावलंच नाही. ‘आठ दिस उन्हात राहू द्या. कापड बसन आपल्या जागी. मंग या.’

तशीच गाडी घेऊन मी परत निघालो. अकोला-अमरावती रस्ता तेव्हा नुकताच नवा झाला होता. याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटर डांबरी काँक्रीट सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकलं गेलं आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. वर्षानुवर्षं खड्ड्यांनी पाठी मोडलेल्या आम्हा लोकांना त्या विक्रमापेक्षा रस्ता झाला याचंच कौतुक. जीप साठच्या वर नेण्यात अर्थ नाही, पण साठलाही उघड्या गाडीत वारा मागून उलटा येतो आणि सुटी घडी असती तर फुगली असती. खोळ ढोलकीच्या पुडीसारखी ताणून बसली होती. त्या अर्धवट कोपऱ्यातून तेवढी एक शिट्टी येत होती, मूर्तिजापूर ते बडनेरा.

हिवाळ्यात रेक्झिन आखडतं आणि ते कोपऱ्याचं बटण सकाळी लागत नाही, दुपारी लागतं. मला त्याचं काही वाटत नाही. हिवाळ्यात दुपारी छत उघडून जाण्यासारखं दुसरं सुख नाही. पण बायको म्हणते, एवढे पैसे मोजून बटण लागत नसेल तर तुमचं पोतं काय वाईट होतं? पोत्याच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे, हे मी तिच्यापुढे कबूल करत नाही.

आता पुतण्यानं थार घेतली. २०२० साली आलेल्या नव्या थारेत कापडी, मागे मिटणाऱ्या छताचाही प्रकार होता. त्याला नेमका तोच हवा होता. माझी खोळ पाहून त्यालाही तसलीच हवी झाली, म्हणून दिवाळीनंतर आम्ही दोघं अकोल्याला गेलो. चाचा आता गल्ल्यावर बसतात, मशीन मुलगा चालवतो. त्यांनी थारेचं छत मिटवायला लावलं, तळवा ठेवला, पुन्हा उघडायला आणि मिटवायला लावलं. पुतण्या मोबाइलवर बोलत बोलत एका हातानं मिटवत होता. चाचा मला म्हणाले, ‘याले आधी घडी शिकवा.’ रंगाचंही अजून ठरलेलं नाही. त्यांनी बदामी आणि राखाडी तुकडे काढून ठेवलेत, पुतण्या काळ्यावर अडून आहे.