निकेल, डालडा आणि वसतिगृहाचे ताट

आम्ही इतिहासाचे अध्यापक. रसायनशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु आपल्या ताटाचा इतिहास शोधू जाता निकेल या धातूशी गाठ पडतेच.

आमच्या पिढीच्या घरांत पिवळ्या डब्यातील डालडा सणासुदीलाच येई. साजूक तूप परवडत नसे. शिऱ्याला आणि शंकरपाळ्यांना तुपाची कळा आणली ती या डब्याने. रिकाम्या डब्यात पुढे मोगरा लागे. त्या डब्यात मुळात होते तेलच. सोलापूरकरांच्या चटणीत जो शेंगदाणा, त्याचेच तेल त्या काळी वनस्पती तुपाचा प्रमुख कच्चा माल होते.

निकेलच्या साहाय्याने सेंद्रिय पदार्थांस हायड्रोजन जोडण्याची रीत फ्रान्सच्या पॉल साबातिए यांनी सिद्ध केली. १९१२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी. जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये ती तेलास लावून पेटंट घेतले. १९३२ मध्ये मुंबईत शिवडी येथे वनस्पतीचे उत्पादन सुरू झाले आणि १९३७ मध्ये ‘डालडा’ हे नाव बाजारात आले.

उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेत नाही, असे विद्यार्थी पाठ करतात. वस्तुतः तो भाग घेतो. अखेरीस पूर्ववत होतो, इतकेच. तापलेल्या तेलात निकेलची पूड असते. तिच्या पृष्ठभागावर हायड्रोजनच्या रेणूचे दोन अणू विलग होतात आणि तेलातील दुहेरी बंधाला एकामागून एक जोडले जातात. पहिला अणू जोडल्यावर मात्र निकेल कधी एक अणू परतही घेतो. दुहेरी बंध पुन्हा तयार होतो, पण रेणूचा बाक गेलेला असतो. हेच ट्रान्स मेद. सरळ झालेले रेणू दाटीने बसतात, म्हणून तूप घट्ट होते. आणि हेच मेद रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवून हृदयविकाराला निमंत्रण देतात. निकेल गाळून काढता येते. त्याने केलेली देवघेव गाळता येत नाही.

दोष धातूचाही नव्हे. प्रयोगशाळेत रुथेनियमची संयुगे आयसोप्रोपिल अल्कोहोलमधील हायड्रोजन काढून कीटोनला देतात. देणाऱ्याचे अ‍ॅसिटोन होते, घेणाऱ्याचे अल्कोहोल. औषधनिर्मितीस ही रीत उपकारक ठरली आहे.

ज्या माउल्यांनी पै-पैसा साठवून लेकरांसाठी डालडा आणला, त्यांना इतिहास दोषी धरणार नाही. डब्यावर तेव्हा हे लिहिलेले नसे. आज ते लिहिलेले असते. २०२२ पासून आपल्या देशात तेल-तुपांतील ट्रान्स मेदास २ टक्क्यांची मर्यादा आहे. तरीही सुट्या मालावर लेबल कोठून असणार? म्हणून माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची विनंती आहे: वसतिगृहास शिधा वा खाऊ द्याल, तेव्हा लेबल वाचून द्या. शंका वाटली, तर शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी द्या. मुले आनंदाने खातील.