चौथें चाक

वस्तूंच्या थोरवीचा हिशेब मांडतांना आपण त्यांच्या पायांकडे सहसा पाहत नाहीं. वाद्याची कीर्ति तारांवर, पडद्यांवर, फार तर भोपळ्यावर उभी असते. तबल्याखालच्या चुंबळीस वाहवा देणारा रसिक अजून माझ्या पाहण्यांत नाहीं. पण ती काढून घेतली कीं तबला कलंडतो, आणि मग उस्तादाचा हातहि काय करणार? अशाच चुंबळीच्या जातीच्या एका क्षुद्र वस्तूच्या शोधांत गतवर्षीं माझे सहा आठवडे गेले.

अध्यापनाच्या निमित्तानें मी तेव्हां शिकागोस होतों. माझे थोरले चुलतबंधू चाळीस वर्षांहून अधिक काळ तेथें राहतात. आम्ही सारे त्यांना दादा म्हणतों. नोकरींतून निवृत्त झाल्यावर दर शनिवारीं वस्तींतील सभागृहांत जाऊन चार समवयस्क मित्रांसह गिटार वाजवावयाची, हा त्यांचा नेम. त्यांच्यापाशीं १९६८ सालचा फेंडर कंपनीचा ‘ट्विन रिव्हर्ब’ हा ध्वनिवर्धक आहे. हा नमुना प्रथम १९६३ मध्यें बाहेर पडला. बारा इंची दोन कर्णे, चार मोठ्या निर्वात नळ्या आणि लोखंडाच्या गाभ्याचे जड ट्रान्सफॉर्मर पोटांत बाळगणारी ही पेटी वजनाला सुमारे २९ किलो भरते, आणि ती उचलावयास वर मूठ मात्र एकच! दादांच्या पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली व डॉक्टरांनीं ओझें उचलण्यास मनाई केली. पेटीखालीं चौफेर फिरणारीं लहान चाकें, म्हणजे कॅस्टर, होतीं म्हणून निभावत होतें. त्यांतलें एक हरवलें.

तें हरवावें हें साहजिकच होतें. या चाकांचा दांडा पेटीच्या तळांत ठोकलेल्या पोलादी नळींत नुसता दाबून बसवलेला असतो. वाजवतांना पेटी सरकूं नये, खालून खडखडूं नये, म्हणून वादक तीं काढून ठेवतात; आणि जें काढतां येतें तें कधीं तरी विसरलें जातें. तीन चाकांवर पेटी उभी राहीना. वेगळ्या उंचीचें चौथें लावलें तर ती डुगडुगे. दोन शनिवार मित्र येऊन पेटी उचलून घेऊन गेले. पण त्या मित्रांतला सर्वांत तरुण एकाहत्तर वर्षांचा. तिसऱ्या शनिवारीं दादा गेलेच नाहींत.

बाजारांत चाकांना तोटा नव्हता. मळसूत्री दांड्याचीं होतीं, पत्र्याच्या बैठकीचीं होतीं, कडी घातलेल्या गुळगुळीत दांड्याचींहि होतीं. आमच्या नळीला ७/१६ इंचाचा दांडा हवा होता. पुष्कळ ठिकाणीं ११ मिलिमीटरचा मिळे. ७/१६ इंच म्हणजे ११.११ मिलिमीटर, हा फरक हातास कळत नाहीं, परंतु जुन्या, सैलावलेल्या नळीला तो बरोबर कळला. उंबरठा ओलांडतांना नवें चाक गळून पडलें. पत्र्याच्या बैठकीचीं चाकें घ्यावींत तर प्रत्येकाला चार स्क्रू, म्हणजे पेटीच्या लाकडाला सोळा नवीं भोकें. दादा तें ऐकूनच घेईनात. त्याच कंपनीनें २०१९ मध्यें या नमुन्याची नळ्यांवांचून चालणारी अंकीय आवृत्ति काढली आहे, ती सुमारे १५ किलोंची. दादांनीं दुकानांत ती वाजवून पाहिली, चांगली आहे म्हणाले, आणि घरीं आले.

त्यांना हवें होतें तें हरवल्यासारखेंच, त्याच काळचें चौथें चाक. जुन्या जिनसांच्या बाजारांत या हट्टाला किंमत आहे. तेथें ट्रान्सफॉर्मरवर व कर्ण्यांवर उमटवलेले आंकडे वाचून ते कोणी आणि कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यांत बनवले हें सांगतात, आणि मूळचा एकेक भाग बदलला कीं मोल उतरतें. मी दादांना म्हटलें, या पेटींतल्या नळ्या आजवर किती वेळां बदलल्या? आंतले धारित्र सुकल्यावर नवे घातलेच ना? बोलण्यांत जें झिजतें तें बदललें तर पेटी मूळचीच राहते. मग वाहण्यांत जें झिजलें त्यालाच हें सोंवळें कां? दादा हंसले, पण पटलें असें कांहीं दिसलें नाहीं.

त्यांना पटवलें तें एका म्हाताऱ्या फर्निचर-दुरुस्ती करणाऱ्यानें. त्यानें उरलेलीं तीन चाकें हातांत घेऊन फिरवलीं, पेटी उलटी करून नळ्या पाहिल्या, आणि सांगितलें कीं चारी नळ्या कोणी तरी घरींच ठोकल्या आहेत, दोन तर तिरप्या आहेत. आणि चाकें एखाद्या टेबलाचीं असावींत. ज्या मूळ वस्तूसाठीं आम्ही सहा आठवडे वणवण केली, ती मूळचीच नव्हती! पन्नासएक वर्षांपूर्वीं कोणा अनोळखी वादकाची पाठ दुखली असेल, आणि त्यानें आपल्या सोयीसाठीं ती लावली असतील. दादा बराच वेळ त्या तिरप्या नळ्यांकडे पाहत राहिले. त्या माणसाचें नांव त्यांना ठाऊक नव्हतें, पण त्याचें दुखणें ठाऊक होतें. मग त्यांनीं एका शब्दाची घासाघीस न करतां चार नव्या नळ्या व चार नवीं रबरी चाकें बसवून घेतलीं.

वस्तु जपणें म्हणजे ती होती तशी ठेवणें, असें मीहि वर्गांत अनेकदां ऐकवलें आहे. पण जी पेटी घराबाहेर पडूं शकत नाहीं तिचे सारे आंकडे जुळले तरी तिचा शनिवार गेलेला असतो. मी परत निघण्यापूर्वींच्या शनिवारीं दादांनीं पेटी स्वतः ढकलत सभागृहांत नेली. वाजवण्यापूर्वीं मित्रांनीं ती कलती धरली, दादांनीं चारी चाकें उपसून कोटाच्या खिशांत टाकलीं. कार्यक्रम संपल्यावर गिटारला हात लावण्याआधीं त्यांनीं खिशांत हात घातला आणि तीं मोजलीं.