हॅम आणि माझी घाई

दुकानातून शिजवलेला हॅम आणला की तो पुन्हा शिजवायचा नसतो, नुसता गरम करायचा असतो. एवढं कळायला माझा एक नाताळ खर्ची पडला!

सासरे गेल्यानंतरचा तो पहिलाच नाताळ. वसईच्या आमच्या घरी हॅमचं काम नेहमी त्यांचं. म्हणून मी हौसेनं पुढे झाले. गुळाचा लेप सुरुवातीलाच फासला, ओव्हन कडक तापवला. वरून कोळसा, आतून गार! सासूबाईंनी काही न बोलता काळं झालेलं खरवडलं, पातळ काप करून तव्यावर परतून वाढले. माझ्या घशाखाली मात्र घास उतरेना.

आता ओव्हन १६० अंशांवरच ठेवते. ट्रेमध्ये कपभर पाणी, वरून फॉइल घट्ट. दोन किलोला तासभर तरी लागतो. मग चरबीवर शंकरपाळ्यांसारख्या चिरा पाडून प्रत्येकीत लवंग टोचते. पातळ केलेला गूळ, वाटलेली मोहरी, संत्र्याचा रस यांचा लेप शेवटच्या वीस मिनिटांतच लावायचा, फॉइल काढून. गूळ लवकर जळतो ना!

गेल्या नाताळात सासूबाईंनी दुसऱ्यांदा काप मागून घेतला. मोहरी जरा जास्त झालीय, असंही म्हणाल्या.