दहा दिशा आणि मनगटावरचा कॉम्प्युटर

मुलांनो, दिशा किती? आपल्या वर्गातला लहान गट म्हणेल चार, मोठा गट म्हणेल आठ, आणि एखादी आजी म्हणेल दहा. आजीचे उत्तर बरोबर! पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण, ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य, वायव्य या आठ. शिवाय ऊर्ध्व म्हणजे वर आणि अधर म्हणजे खाली. जमिनीवर राहणाऱ्यांना शेवटच्या दोन दिशांची फारशी गरज पडत नाही. पाण्याखाली जाणाऱ्यांना मात्र त्याच आधी शिकाव्या लागतात.

हे आम्हाला कळले ते घरात डाइव्ह कॉम्प्युटर आल्यामुळे. आमच्या घरी दोघे पाणबुडे आहेत, बाबा आणि सोळा वर्षांची लेक. आई काठावर चहाचा थर्मास सांभाळते, पण काळजीत तिघांचा वाटा सारखा. लीड्सला समुद्र नाही, म्हणून सरावासाठी ए-६५ रस्त्याने स्किप्टन, इंगलटन करत कार्नफर्थजवळच्या केपर्नरे या पाण्याने भरलेल्या जुन्या दगडखाणीत जावे लागते. आमचे आजोळ मात्र मालवणचे! त्यामुळे हिवाळ्यात खाण आणि सुट्टीत अरबी समुद्र, असा आमचा क्रम.

डाइव्ह कॉम्प्युटर दिसतो जाड्या घड्याळासारखा. तो मुख्यतः दोनच गोष्टी मोजतो, पाण्याचा दाब आणि वेळ. दर दहा मीटर खोलीला आपल्यावर आणखी एका वातावरणाइतका दाब पडतो, आणि श्वासातला नायट्रोजन रक्तात व स्नायूंत जास्त विरघळू लागतो. सोड्याची बाटली हळूच उघडली तर ठीक, फटकन उघडली तर फेस! माणसाचेही तसेच. म्हणून वर येताना मिनिटाला नऊ-दहा मीटरपेक्षा घाई करायची नाही, आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे. किती खोलीवर किती वेळ राहता येईल याचे गणित हे घड्याळ क्षणोक्षणी करत असते.

या गणिताची सुरुवात इंग्लंडमध्येच झाली. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञांनी बोकड-शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ साली पाणबुड्यांसाठी पहिली कोष्टके छापली. त्यांचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन वडिलांच्या प्रयोगात तेराव्या वर्षीच स्कॉटलंडच्या समुद्रात उतरला होता. पुढे तोही मोठा शास्त्रज्ञ झाला, १९५७ साली भारतात राहायला गेला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. आजच्या पुष्कळ यंत्रांत झुरिचच्या डॉ. ब्यूलमान यांचे गणित असते. त्यात शरीराचे सोळा काल्पनिक भाग धरतात. काही पाच मिनिटांत निम्मे भरतात, काहींना दहा तासांहून जास्त लागतात. 'काल्पनिक' हा शब्द महत्त्वाचा. घड्याळाला दाब कळतो, पण काल आपली झोप झाली का, आपण पाणी पुरेसे प्यायलो का, हे त्याला कळत नाही.

आता होकायंत्राकडे वळू. आमच्या यंत्रात ते आतच बसवलेले आहे. बॅटरी बदलली की त्याला पुन्हा शिकवावे लागते. घरापासून, मोटारीपासून दूर उभे राहून घड्याळ सगळीकडे फिरवायचे, कलते करायचे, उलटे करायचे. आरतीचे ताट ओवाळावे तसे! हेडिंगलीच्या मैदानात हे करताना लोक बघतात, पण इलाज नाही. लोखंड आणि वीज ही होकायंत्राची दोन दुखणी. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे घेत असे. घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार असे ठरल्यावर ती मोजमापे बिघडतील म्हणून १९०४ साली ते काम अलिबागला हलवले. तिथे ते आजही चालते.

आणखी एक गंमत. चुंबकसुई नुसती उत्तर दाखवत नाही, ती झुकतेही. लीड्सजवळ ती आडव्या रेषेपासून जवळजवळ ७० अंश खाली झुकू पाहते, मालवणला २५ अंशांपेक्षाही कमी. म्हणून साधी सुईची होकायंत्रे जगाच्या वेगवेगळ्या भागांसाठी वेगवेगळी तोलून बनवतात. आमच्या यंत्रातले संवेदक तिन्ही अंगांनी मोजतात, तरी मालवणला पोचलो की आम्ही पुन्हा ओवाळणी करतोच. शिवाय सुईची उत्तर आणि नकाशाची उत्तर सहसा एक नसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये डॉर्सेटच्या लँगटन मॅट्रॅव्हर्स गावी खरी उत्तर, नकाशाची उत्तर आणि चुंबकाची उत्तर एका रेषेत आल्या. ऑर्डनन्स सर्व्हेच्या गणिताप्रमाणे ही जुळणी ऑगस्ट २०२४ च्या सुमारास आपल्या शेजारच्या हेब्डन ब्रिजला यायची होती. म्हणजे सध्या या भागात हा फरक जवळजवळ शून्य!

खाणीत मुद्दाम बुडवलेल्या बोटी आहेत. गेल्या हिवाळ्यात गढूळ पाण्यात अशाच एका पोलादी बोटीजवळ बाबांचे यंत्र ईशान्य दाखवत होते आणि लेकीचे पूर्व. दोघांनी एकमेकांना खूण केली, बोटीपासून काही मीटर बाजूला झाले, आणि आकडे जुळले. ते जुळले नसते तर काय, असे आईने काठावर विचारले. लेक म्हणाली, "तर सरळ ऊर्ध्व! सावकाश." आईला निम्मे समाधान झाले.

सॉफ्टवेअरने मात्र आम्हाला होकायंत्राहून जास्त छळले. यंत्राच्या स्मरणात ठराविकच बुड्या मावतात. नवी आली की सर्वांत जुनी पुसली जाते. त्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या, तर कंपनीचा प्रोग्रॅम आमच्या नव्या लॅपटॉपवर चालेना, आणि कंपनीने तो नवा करणे सोडून दिले होते. रांगेत सर्वांत जुनी होती लेकीची समुद्रातली पहिली बुडी, मालवणची. अखेर 'सबसर्फेस' नावाचा फुकट प्रोग्रॅम सापडला. लिनक्सवाले लिनस टॉरवाल्ड्स स्वतः पाणबुडे आहेत; असल्याच प्रोग्रॅमना कंटाळून त्यांनी २०११ साली हा लिहायला घेतला. केबल लावली, एकेक बुडी उतरू लागली, आणि शेवटी ती आली: सहा मीटर, बत्तीस मिनिटे, पाणी २८ अंश. तेव्हापासून आमच्या घरचा नियम असा की नोंद यंत्राची नव्हे, आपली. ती दोन ठिकाणी ठेवायची.

या वर्षी मालवणला निघायच्या दिवशी मामांनी सकाळची होडी ठरवली. ८४ वर्षांची आजी नातीला बुडी मारताना बघायला होडीत बसणार होती. पण त्याच रात्री मोप्याहून विमान. आधीचे तीन दिवस बुड्या झालेल्या, आणि अशा वेळी शेवटची बुडी व विमान यांत निदान १८ तास असावेत असा सल्ला आहे, कारण विमानात हवेचा दाब आणखी कमी होतो. यंत्रावर विमानाची छोटी खूण अजून दिसतच होती. मामा म्हणाले, "उथळच तर आहे, काय होतंय!" आजीचा चेहरा उतरला. तिने विचारले, "काय गो, ह्यां घड्याळ तुका काय सांगता?" लेकीने तिला सोड्याची बाटली समजावली, तीही मराठीत, न अडखळता. आजीने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मगे दमान जावा." होडी निघाली ती नुसती सिंधुदुर्गाला फेरी मारून आली. दुपारी आजीने लॅपटॉपवर पहिल्या बुडीची रेघ बघितली, खाली जाणारी, मग सपाट, मग हळूहळू वर येणारी. त्या रेघेवरून तिने कितीतरी वेळ बोट फिरवले.

नाही म्हणायला यंत्राने मदत केली, पण नाही म्हणावे लागले ते आम्हालाच, आणि तेही आजीसमोर.

तर मुलांनो, हा तुमचा गृहपाठ. होकायंत्रावर उत्तर म्हणजे शून्य अंश. मग ईशान्य ४५, आग्नेय १३५, नैर्ऋत्य २२५, वायव्य ३१५. इंग्रजीत दोन दिशांची नावे जोडून तिसरी करतात. आपल्याकडे प्रत्येकीला स्वतःचे नाव आहे. आपल्या घराचे दार कोणत्या दिशेला उघडते ते बघून पुढच्या वर्गाला सांगा. आणि दार मोजताना लोखंडी कड्यापासून जरा लांब उभे राहा, बरे का!